रिकामी चढाई

नानांचं आडनाव रिकामे नव्हतं. मस्टरवर ते नारायण गोविंद म्हात्रे होते. पण रोह्याजवळ धाटावच्या ज्या कंपनीत मी टाइम ऑफिसात कारकून होतो, तिथे त्यांना सगळे नाना रिकामे म्हणत. कंपनीने त्यांच्या सत्काराला पितळी स्मृतिचिन्ह दिलं, त्यावरही 'कबड्डीपटू श्री. नाना रिकामे यांस सप्रेम' असंच कोरून आलं. तो मजकूर तीन साहेबांच्या सहीने मंजूर झाला होता आणि तिघांपैकी एकालाही शंका आली नव्हती. नानांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रिकामे म्हणून का होईना भाऊसाहेब, भरून पावलो."

मी हसलो नाही. त्या दिवशी हसण्याचा अधिकार मला नव्हता. का नव्हता, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

कबड्डीत चढाईला गेलेला गडी समोरच्या कोणाला तरी शिवून परत येतो, गुण आणतो, लोक टाळ्या वाजवतात. पण त्याच खेळात एक गडी असाही लागतो की त्याने काहीच आणायचं नसतं. आपला संघ थोडक्या गुणांनी पुढे आहे, सामना संपायला मिनिट-दोन मिनिटं उरली आहेत, अशा वेळी त्याला पाठवतात. तो दम घालत समोरच्यांच्या अंगणात शिरतो, निदान रेषा एकदा ओलांडतो (ती न ओलांडता परतला तर बाद), आणि मग नुसता फिरतो. वेळ खातो. दम संपत आला की हात हलवत परत येतो. त्या काळी आमच्याकडे चढाईला घड्याळ लावत नसत. गड्याचा दम हेच घड्याळ. नानांचा दम इतका लांब होता की ते परत येईपर्यंत प्रेक्षकांतला एखादा भजी घेऊन येत असे.

या कामाला टाळी नाही. उलट टोमणे. रोह्याच्या मैदानावर पहिल्या रांगेतून हमखास आवाज यायचा, "काय नाना, बाजारात जाऊन पिशवी रिकामीच?" किंवा, "अरे, येताना भाजी तरी आणायची!" नाना रेषेवर येऊन दम सोडायचे, गुडघ्यावर हात ठेवायचे आणि त्या दिशेला न बघता उत्तर द्यायचे, "काय आणलं नाय, पण काय सोडून पण आलो नाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ पुढे एकदा उलटा झाला.

मी संघाचा व्यवस्थापक होतो. खेळाचा आणि माझा संबंध इतकाच, की पर्सोनेल साहेबांना इंग्रजीतली परिपत्रकं वाचून संघाला समजावणारा कोणी तरी हवा होता. मी पाण्याच्या बाटल्या मोजायचो, गुडघ्याच्या पट्ट्या सांभाळायचो आणि खुर्चीवर पुस्तक वाचत बसायचो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर नाना बसत. त्यांची चढाई शेवटच्या काही मिनिटांत. तोवर ते राखीव. पण स्वस्थ बसत नसत. आपला कोणीही गडी चढाईला गेला की हे खुर्चीवर बसून त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत दम घालायचे. एकसुरी, खालचा आवाज. लांबून येणाऱ्या गिरणीच्या पट्ट्यासारखा. 'कबड्डी'तला क आणि ड्डी तेवढे ऐकू येत, मधलं सगळं पोटात. मला वाचताना त्रास व्हायचा. एकदा तसं म्हणालोही. नाना म्हणाले, "तुमी नाय का वाचताना ओठ हलवत?" मी हलवत असे. तेव्हापासून गप्प बसलो.

त्यांची दुसरी सवय चपलांची. मैदानाबाहेर, घराबाहेर, कंपनीच्या कॅन्टीनबाहेर, कुठेही चपला काढल्या की त्या वळवून, परतीच्या दिशेला तोंड करून ठेवायचे. विचारलं तर म्हणायचे, "आत जायचं कोण पण शिकवतं. बाहेर यायचं आधी ठरवून ठेवावं."

हा दम त्यांनी मैदानावर कमावला नव्हता. नाना पेणचे. घराच्या पुढच्या पडवीत चुलतभावाचा गणपतीचा कारखाना. पेणमध्ये मूर्ती बनवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. त्यामुळे नाना 'कारखान्यात जातो' म्हणाले की 'कुठल्या' असं विचारावं लागे. सुट्टीच्या दिवशी आणि गणपतीआधीच्या आठवड्यांत रजा घेऊन ते पेणला डोळ्यांची आखणी करत. बाकीचं रंगकाम दहा जण करतील. डोळा एकच जण आखतो. बारीक ब्रश, काळा रंग, वरच्या पापणीची रेघ एका झटक्यात नाही, एका श्वासात. ती ओढेपर्यंत छाती हलता कामा नये. "आपला श्वास हलला, तर देवाची नजर हलते," असं ते म्हणत. मी देवाच्या नजरेबद्दल साशंक माणूस आहे. पण नानांनी आखलेला गणपती कोपऱ्यात ठेवा नाहीतर मधोमध, तो नेमका आपल्याकडेच बघत असे, हे मान्य करावं लागेल.

आता थोडं कंपनीबद्दल. संघातल्या गड्यांना जनरल शिफ्ट आणि स्टोअरमधलं काम असे. संघाबाहेर गेला, की ज्याने त्याने आपल्या मूळ विभागात परतायचं. नानांचा मूळ विभाग तीन नंबर. तीन नंबरात काय बनत असे हे मला नीट कधी कळलं नाही. तिथून सुटणाऱ्यांच्या बनियनला पिवळी झाक असे आणि जिने चढताना ते मध्येच कठड्याला धरून थांबत, एवढं टाइम ऑफिसच्या खिडकीतून दिसे. नाना खेळत होते म्हणून बारा वर्षं त्यांनी तीन नंबर बाहेरूनच पाहिला. त्यांचा दम त्यांना त्या दारापासून दूर ठेवत होता.

नाना अडतीस वर्षांचे झाले आणि लहू आला.

लहू वाघमारे रोह्याच्या पुढे नदीकाठच्या कातकरवाडीतला, वीस-एकवीसचा. बुडी मारून दगडांखालचे मासे हाताने काढायचा. कुठल्याशा गावच्या सामन्यात पर्सोनेल साहेबांनी त्याची एक चढाई पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "आपल्याला ताजं रक्त पाहिजे." साहेबांच्या तोंडी रक्त नेहमी ताजंच असे, ते वाहणाऱ्या माणसांची नावं मात्र त्यांना लक्षात राहत नसत. लहूला स्पर्धेपुरतं हंगामी घेतलं. कंपन्यांच्या स्पर्धेचा चषक आला तर लहू कायम, स्टोअरमध्ये. नाना तीन नंबरात. चषक आला नाही तर लहूला ब्रेक, तो परत वाडीत. नाना आणखी एक वर्ष आहेत तिथेच. दोन माणसांना एक जागा, इतका सरळ हिशेब होता. आणि लहूला वेळ खाण्याची ती चढाई शिकवायची कोणी, तर नानांनीच.

पहिल्या दिवशी कंपनीच्या मैदानावर नानांनी त्याला विचारलं, "पाण्यात दम किती धरतोस रे?"

"मासा हाताला लागेपर्यंत."

"आणि नाय लागला तर?"

"मंग लागेपर्यंत."

नाना खूष होऊन माझ्याकडे बघत म्हणाले, "याला दम हाय. पण पाण्यातला हाय." मग त्याला म्हणाले, "लहू, पाण्यात दम धरतात. इथं खर्चतात. धरलेला दम पंचाला ऐकू येत नाय. लग्नात तूप वाढतात तसा वाढायचा, थोडा थोडा, शेवटच्या पंगतीपर्यंत पुरला पाहिजे. काय?"

"व्हय."

"व्हय नको बोलू, कबड्डी बोल."

लहूचा दोष एकच होता. कोणी अंगावर आलं की तो तोंड मिटायचा. बुडी मारणाऱ्याची सवय. पाण्यात घाबरून तोंड उघडलं तर माणूस संपतो. दम छातीत भरपूर, पण आवाज बंद. आणि आवाज बंद म्हणजे दम सुटला, गडी बाद. नानांनी त्यावर उपाय काढला. लहू चढाईला गेला की ते रेषेबाहेरून त्याच्या बाजूने चालायचे आणि स्वतः मोठ्याने दम घालायचे. "मी बोलतो, माझ्या मागं बोल. माझा आवाज धरून ठेव, दम नको धरू." दोन महिने रोज संध्याकाळी हे चाललं. शेवटी शेवटी पाठ फिरवून बसलं तर कोणता आवाज कोणाचा ते ओळखू येईना. आमचा कर्णधार म्हणाला, "नाना, ही तर तुमची कार्बन कॉपी काढली." मी रोज कार्बन वापरणारा माणूस. मला माहीत होतं की कॉपी चांगली निघाली, की मूळ कागद फाइलला लागतो.

एकदा न राहवून मी नानांना विचारलं, "तुम्ही याला इतकं मनापासून का शिकवता? तो तयार झाला की तुमचं काय होणार ते माहीत आहे ना?"

नाना पायाच्या अंगठ्याने मैदानावरची रेघ पुसत होते. म्हणाले, "अर्धं कसं शिकवायचं ते मला येत नाय, भाऊसाहेब. डोळा अर्धा आखून ठेवता येतो काय?"

अंतिम सामना रोह्यात होता, संध्याकाळी पाचचा. साहेबांना दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर जायचं होतं, म्हणून त्यांनी माझ्याकडून दोन्ही ऑर्डरी आधीच टाइप करून घेतल्या आणि दोन्हींवर सह्या करून ठेवल्या. एक जिंकलो तर, एक हरलो तर. "निकाल लागला की नको ती फाडून टाका," असं म्हणाले. अशा रीतीने दोन माणसांचं नशीब माझ्या पिशवीत, पाण्याच्या बाटल्या आणि एका जाड कादंबरीच्या मध्ये होतं. जीपमध्ये नानांनी पिशवीकडे बोट करून विचारलं, "दोन्हीत माझं नाव हाय ना?"

"आहे."

"मग मी कुठं हरतोय," असं म्हणून ते बाहेर बघू लागले.

सामन्याबद्दल लांबण लावत नाही. मध्यंतराला अंगणं बदलली, पण खुर्च्या बदलल्या नाहीत. त्यामुळे दुसऱ्या डावात आमची खुर्च्यांची रांग समोरच्या संघाच्या कोपऱ्यालगत आली. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि आमच्या अंगणात एकटा लहू उरला होता. बाकी सहा बाहेर. लहू बाद झाला असता तर समोरच्यांना त्याचा एक गुण आणि वर अख्खा संघ बाद केल्याबद्दल लोणाचे दोन. म्हणजे सामना गेला. शिट्टी होईपर्यंत टिकला, तर चषक आमचा. जी चढाई नानांनी बारा वर्षं केली, तीच.

लहू गेला. निदान रेषा ओलांडली. सातही जण त्याला डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे आमच्या खुर्च्यांकडे रेटत आणू लागले. नाना माझ्या शेजारी बसून नेहमीसारखा ओठांत दम घालत होते. लहूचा आवाज स्पष्ट येत होता. अगदी नानांसारखा. तेवढ्यात त्यांच्या कोपऱ्यावरच्या थोराड गड्याने त्याच्या घोट्यावर झेप टाकली. लहूने पाय उचलला, वाचला, दोन पावलांवर आला. मला त्याचा चेहरा समोर दिसला. तोंड मिटलेलं होतं. गच्च, नदीच्या तळाशी असल्यासारखं.

आणि दम चालू होता.

क-ड्डी, क-ड्डी, क-ड्डी. एकसुरी, खालच्या पट्टीत, पण आता ओठांतला नाही, मोकळा. मी मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. तीन श्वास, चार, लहू डोळे विस्फारून माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत पाण्यातून चालावं तसा बाजूला सरकत होता. मग त्याचं तोंड उघडलं, आवाजात आवाज मिसळला. शिट्टी झाली.

तो थोराड गडी ओरडत होता, "पंच, दम सुटला याचा! तोंड बंद होतं!" पंच म्हणाले, "मला ऐकू येत होता." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ऐकू येतच होता. गडी तणतणत आमच्या खुर्च्यांपाशी आला. नानांकडे बघितलं, पण त्यांना काही बोलला नाही. बहुतेक वयाचा मान. मला म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या गड्याला दोन तोंडं हायत. एक अंगणात, एक खुर्चीवर. खरं हाय का नाय, बोला."

मी त्या वेळी 'खरं आहे' म्हणालो असतो, तर सामना त्यांचा झाला असता. लहू वाडीत गेला असता. नाना स्टोअरमध्ये राहिले असते. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि म्हणालो, "निर्णय पंचांचा."

फार रुबाबदार वाक्य आहे. ज्याला काहीच ठरवायचं नसतं, त्याच्या उपयोगाचं.

परतताना जीपच्या मागे पोरं चषक नाचवत होती. नाना पुढे माझ्याजवळ बसले होते. रोहा सुटल्यावर त्यांनी विचारलं, "मी मोठ्यानं बोललो काय?"

"हो."

"सवय," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "सवयच."

ती सवय होती की आणखी काही, ते मी त्यांना पुढेही विचारलं नाही. ऑफिसात पोचून मी एक ऑर्डर फाडली. सत्कार, शाल, नारळ, स्मृतिचिन्ह हे सगळं पुढच्या आठवड्यात झालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना तीन नंबरच्या दारात उभे होते. मी खिडकीतून पाहिलं. चपला काढून त्यांनी सवयीने बाहेरच्या दिशेला वळवून ठेवल्या, कंपनीचे बूट घातले आणि आत गेले.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या भागात दर दोन मैलांवर एक पिंपळ आहे आणि एकाही पिंपळाने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण जिवंत माणूसही दुसऱ्याला झपाटतो हे मला लहूकडे बघून मानावं लागलं. तो कायम झाला, स्टोअरमध्ये बसला, आणि एका महिन्यात टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, माझी बदली तीन नंबरात करा. नानांना इकडं आणा."

"असं करता येत नाही, लहू."

"ती चढाई माझी नव्हती. तुमी बाजूलाच होता. तुमाला माहीत हाय."

मी अर्ज लिहून दिला. त्याने अंगठा न उठवता सही केली. तेवढ्यासाठी नानांकडून सही शिकला होता. उत्तर आलं: खेळाडू म्हणून भरती झालेल्या कामगाराच्या बदलीची तरतूद नाही. वर्षाने पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त या वेळी त्यात एक व्याकरणाची चूक होती.

लहू पाच हंगाम खेळला. सगळ्या चढाया रिकाम्या, सगळ्या बिनचूक. त्याने एकच हट्ट धरला: खुर्च्यांच्या रांगेतली शेवटची खुर्ची मोकळी ठेवायची. तिथे कोणी बसला तर तो चढाईला जायचा नाही. एकदा खुद्द पर्सोनेल साहेब येऊन ऐटीत त्या खुर्चीवर बसले. लहू रेषेवर उभाच. पंचांनी दोनदा हाक मारली. शेवटी मी साहेबांच्या कानात सांगितलं की त्या खुर्चीचा पाय मोडका आहे. साहेब टुणकन उठले. माझ्या व्यवस्थापकीय कारकिर्दीतला तो एकमेव ठाम निर्णय.

दम घालायला लागला की लहूचा स्वतःचा आवाज जायचा आणि नानांचा यायचा. जुने प्रेक्षक म्हणायचे, "आला रे नाना." नाना तर पाव मैलावर तीन नंबरात शिफ्ट करत असायचे. एका संध्याकाळी सराव चालू असताना मी त्यांना मैदानाच्या भिंतीपलीकडे पाहिलं. पहिल्या पाळीतून सुटून जादा काम करून निघाले असावेत. एक हात भिंतीवर, मान खाली. आत लहूची चढाई चालू होती, लांबच लांब, गिरणीच्या पट्ट्यासारखी. नाना ऐकत होते. त्यांचे ओठ हलायला लागले, आणि दोन-तीन 'क-ड्डी'तच खोकल्याने त्यांना वाकवलं. आतला आवाज मात्र चालूच राहिला. आपलाच दम भिंतीपलीकडे शाबूत चाललेला, आणि आपण इकडे वाकलेले. मी बाजूच्या रस्त्याने निघून गेलो.

हे मी लहूला सांगायला नको होतं, पण सांगितलं. तो बराच वेळ स्टोअरच्या काउंटरवरचे नट-बोल्ट एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत राहिला. मग म्हणाला, "नाना बोलायचे, काय सोडून येत नाय. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या सोडून आले."

पुढे नानांना वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलं. डॉक्टरांच्या कागदावर सिगारेट ओढता का, असा प्रश्न होता. नानांनी जन्मात ओढली नव्हती, तरी त्या रकान्यात कोणीतरी 'माहिती नाही' असं भरलं होतं. ते अक्षर माझ्या ऑफिसातलं होतं, माझं नव्हतं. एवढंच समाधान.

त्या साली गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी पेणला उतरलो. बऱ्याच दिवसांचं मनात होतं, आणि बऱ्याच दिवसांचं टाळलंही होतं. पडवीच्या पायरीशी चपलांचे दोन जोड होते. दोन्ही वळवून, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले. मी माझ्या काढल्या आणि, का कोण जाणे, वळवून ठेवल्या.

आत फळ्यांवर गणपतींच्या रांगा. सोंड, मुकुट, पितांबर, सगळं रंगलेलं, फक्त डोळ्यांच्या जागा पांढऱ्या. नाना पाटावर बसले होते, पाठीला उशी. निम्मे झाले होते. मला बघून घराकडे तोंड करून म्हणाले, "चहा टाक गो, कंपनी आलीय." एवढं बोलून त्यांना थांबून श्वास घ्यावा लागला. आतून वहिनी म्हणाल्या, "कंपनीला साखर किती?" आणि नानांचे खांदे हसल्यासारखे हलले.

त्यांच्या पुढ्यात, पाठमोरा, लहू बसला होता. रजा टाकून आला होता. मी सुट्टीच्या नोंदी ठेवणारा माणूस, पण ही रजा कशासाठी ते मला माहीत नव्हतं. तिसरं वर्ष, नाना म्हणाले. पहिल्या वर्षी त्याने नुसत्या फुटक्या मूर्ती आखल्या. दुसऱ्या वर्षी मागच्या रांगेतल्या लहान. या वर्षी सगळ्या.

"माझ्याच्यानं रेघ होत नाय आता," नाना म्हणाले. "छाती हलते. याची हलत नाय. याला पाण्यातला दम." जरा थांबून, "मैदानावर याचं तोंड उघडायला दोन महिने घालवले. इथं सांगितलं, मीट बाबा, किती मिटायचं तितकं मीट."

"वेळ कसा कळतो त्याला?" मी विचारलं. "रेघ किती लांब ओढायची ते?"

"मी बोलतो ना."

लहूने ब्रश काळ्या रंगात टेकवला, डब्याच्या काठावर निथळला. माझ्याकडे एकदा बघितलं, मान हलवली, आणि तोंड मिटलं. तो चेहरा मी एकदा पाहिला होता. ब्रशचं टोक पापणीच्या कोपऱ्याला लागलं आणि नानांनी सुरुवात केली. क-ड्डी, क-ड्डी. तोच सूर, पण आता विरलेला, भोकं पडलेल्या कापडासारखा. रेघ निघाली. लहूची छाती दगडासारखी. ब्रश पापणीच्या चढावर आला, मध्यावर, जिथे तो थांबला तर डोळा कायमचा तिरका.

तिथे नानांना खोकला आला.

त्यांनी तो दाबायचा प्रयत्न केला, हात तोंडावर नेला, डोळ्यांत पाणी आलं. आवाज तुटला. लहूचा हात पुढेच चालला होता, पण त्याच्या कानामागची शीर ताठ झालेली मला दिसली. तो वाट बघत होता. पडवीत गणपतींच्या त्या सगळ्या पांढऱ्या डोळ्यांसमोर एवढी शांतता झाली की आतला स्टोव्ह ऐकू आला.

आणि मग दम पुन्हा चालू झाला. क-ड्डी, क-ड्डी, क-ड्डी. बेसूर, कापरा, सवय नसलेला. रेघ चढावरून उतरली, दुसऱ्या कोपऱ्याला पोचली. नाना खोकता खोकता थांबून माझ्याकडे बघत होते.

तो आवाज मी ओळखला नव्हता. माझा होता.